स्टेकिंगचे ते तीन टक्के येतात कुठनं आणि जातात कुणाकडं?

सांगली-मिरजेकडच्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हल्ली एकच विषय फिरतोय, "क्रिप्टोचं कॉइन नुसतं धरून ठेवू नको, स्टेक कर, घरबसल्या पैसे सुटतात." कुणी तीन टक्के सांगतं, कुणी सात, कुणी वीस. आणि खाली ठरलेला प्रश्न, वीस मिळतायत तर तीनवाल्याच्या दारात कोण जाईल?

प्रश्न वाटतो तेवढा बावळट नाहीय. ब्लॉकचेन, म्हंजे ज्या सामायिक वहीवर ही कॉइन चालतात ती, बनवणारी हुशार मंडळी सुद्धा गेली कित्येक वर्षं ह्याच टक्क्यावरनं भांडतायत, की तो किती ठेवावा म्हंजे राखण करणारे टिकतील पण सगळी राखण चार धनदांडग्यांच्या हातात जाणार नाही. ते भांडण काय आहे एवढंच इथं सांगतोय. कुठलं कॉइन घेऊ हे विचारू नका, मी सांगणार नाही.

आधी काटा समजून घेऊ

ऊस घालणाऱ्या माणसाला ब्लॉकचेन समजायला फार वेळ लागत नाही असं माझं प्रामाणिक मत आहे, कारण काटामारी म्हंजे काय हे त्याला शिकवावं लागत नाही. ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर चढते, स्क्रीनवर आकडा येतो, पावती हातात पडते, आणि तो आकडा खरा का खोटा हे सांगणारा काटा ज्यानं पैसे द्यायचेत त्याच्याच मालकीचा असतो. म्हणून तर बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेला ऊस घ्या ही शेतकरी संघटनांची जुनी मागणी आहे.

आता समजा एकाच ट्रॉलीचं वजन हजार वेगवेगळ्या मालकांच्या काट्यांवर होतंय, प्रत्येकाकडं स्वतःची वही आहे, आणि दोन-तृतीयांश काटे एकाच आकड्यावर आले तरच ती पावती पक्की. ब्लॉकचेन म्हंजे ती वही. काटेवाले म्हंजे व्हॅलिडेटर, व्यवहार तपासून वहीत चढवणारा कॉम्प्युटर आणि तो चालवणारा माणूस किंवा कंपनी. काटा लावायचा तर आधी डिपॉझिट ठेवायचं, त्याला स्टेक म्हणतात. एकाच ट्रॉलीच्या दोन वेगळ्या पावत्या फाडल्या तर डिपॉझिट कापून घेतात, ते स्लॅशिंग. नीट काम केलं तर मिळतो तो रिवॉर्ड. राहिलं विकेंद्रीकरण, तर काटे वेगवेगळ्या मालकांचे असणं म्हंजे विकेंद्रीकरण, नुसते मोजायला जास्त असणं नव्हे, आणि पुढची सगळी मारामारी ह्या एका फरकावर आहे.

इथेरियम ही ह्यातली सगळ्यात मोठी चेन, म्हणून उदाहरणं तिचीच जास्त येतील. आधी तिथं बिटकॉइनसारखं माइनिंग चालायचं, वीज जाळून. १५ सप्टेंबर २०२२ ला ते बंद करून डिपॉझिटची पद्धत आणली आणि विजेचा खर्च ९९ टक्क्यांपेक्षा जास्त खाली आला. दर १२ सेकंदाला वहीचं नवीन पान, आणि एक व्हॅलिडेटर लावायला कमीत कमी ३२ इथर, म्हंजे तिथली कॉइन. इथरचा भाव बघा आणि ३२ नं गुणा, म्हंजे ही गरिबाची भानगड नाही हे लगेच कळंल.

पण पैसे येतात कुठनं?

बँक आपले पैसे दुसऱ्याला कर्जानं देते, त्यातनं तिला व्याज येतं, त्यातलं थोडं आपल्याला. इथं कर्ज घेणारा कुणीच नाहीय. काटेवाल्याला दोन ठिकाणाहून मिळतं, एक म्हंजे व्यवहार करणाऱ्यानं भरलेली फी, आणि दुसरं, जे बहुतेक ठिकाणी मोठं असतं, ते म्हंजे नवीन काढलेली कॉइन.

हिशोब साधा आहे. बाजारात एकूण १०० कॉइन, त्यातली ५० स्टेक केलेली. वर्षात १० नवीन काढली आणि ती स्टेकवाल्यांना वाटली. स्टेकवाला सांगत सुटतो मला २० टक्के मिळाले, आणि खोटं बोलत नाही तो. पण एकूण कॉइन ११० झाली, त्यामुळं ज्यानं स्टेक केलं नव्हतं त्याचा हिस्सा तेवढा बारीक झाला. आणि समजा सगळ्यांनीच स्टेक केलं, तर प्रत्येकाला १० टक्के मिळतील आणि प्रत्येकाचा हिस्सा होता तिथंच राहील, फक्त सगळ्यांना आपण काहीतरी कमावलं असं वाटंल. म्हणून वीस टक्केवाल्याला पहिला प्रश्न हा विचारायचा की बाबा, नवीन छापता किती?

रिवॉर्ड वाढवला की राखण पक्की, नाही का?

अर्धं खरं आहे. रिवॉर्ड अगदीच फुटकळ असेल तर काटा कोण लावेल, आणि डिपॉझिट कमी जमलं तर कुणीतरी पैसेवाला येऊन बहुसंख्य काटे विकत घेईल. सुरुवातीला म्हणून टक्का चढा ठेवावाच लागतो.

इथेरियमनं त्यासाठी सूत्रच लावलंय. एकूण डिपॉझिट चौपट झालं की प्रत्येकाचा टक्का निम्मा होतो. एक कोटी इथर स्टेक असताना नवीन इथरमधनं मिळणारा टक्का वर्षाला साधारण पाच-सव्वापाच, चार कोटी झालं की अडीचच्या जरासं वर. पण नीट बघा, टक्का निम्मा झाला तरी माणसं चौपट आहेत, म्हंजे एकूण छापलेली कॉइन दुप्पट होतात. टक्का उतरला तरी खर्च चढतच जातो, आणि तो खर्च स्टेक न करणाऱ्यांच्या खिशातनं.

एका मर्यादेनंतर ह्या जादा खर्चाचा उपयोग काय? १२ कोटींच्या आसपास इथर आहेत त्यातले तीन कोटींच्या वर स्टेक आहेत, तेवढ्या डिपॉझिटवर हल्ला करायला लागणारी रक्कम आधीच अवाढव्य आहे, मग सहा कोटी स्टेक करून सुरक्षा दुप्पट झाली असं म्हणणं म्हंजे कुलपावर कुलूप लावत बसणं. म्हणून २०२४ साली इथेरियमच्याच काही संशोधकांनी मांडलं की टक्का अजून खाली आणूया. लगेच बोंब उठली, आणि बोंब उठवणारे मोठे शेठ नव्हते, घरात एक-दोन व्हॅलिडेटर चालवणारी साधी माणसं होती. त्यांचं म्हणणं, टक्का कमी केला की पहिले आम्ही मरू. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे, आणि हाच खरा पेच आहे, जास्त दिला तरी मोठे फुगतात आणि कमी दिला तरी बारके आधी जातात.

टक्का सगळ्यांना सारखा, मग बारका का मरतो?

कारण टक्का सारखा असला तरी खर्च टक्क्यानं येत नाही, गठ्ठ्यानं येतो.

कवठेमहांकाळकडं एखाद्या गावात एखाद्यानं घरी व्हॅलिडेटर लावला असं धरा. बऱ्यापैकी कॉम्प्युटर लागतो, मोठी एसएसडी, चोवीस तास नेट, लाईट गेली की इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टर संपला की आपला मोबाईलचा हॉटस्पॉट लावून धडपड. ३२ इथरला तीन टक्क्यांनी वर्षाला एक इथरही पुरता होत नाही, ०.९६ होतो, आणि सगळा खर्च त्यातनं. आता एखादी कंपनी ३,२०० इथर घेऊन बसली तर तिला वर्षाला ९६ इथर, आणि मशीन? तेच, किंवा त्याच्यापेक्षा जरा तगडं. एका कॉम्प्युटरवर शेकडो व्हॅलिडेटर चालतात. काट्याचं पत्र्याचं शेड एकच, मशीन एकच, बाहेर पाट्या मात्र शंभर नावांच्या.

(लाईट जाण्याची फार भीती घालतात, ती तितकी खरी नाही हेही सांगून टाकतो. बंद पडलात तर जेवढं मिळालं असतं त्यापेक्षा जरा कमीच कापलं जातं, दिवसभर लाईट नसली तर दुसऱ्या दिवशी भरून निघतं. मोठी स्लॅशिंगची शिक्षा बंद पडल्याला नाही, दोन पावत्या फाडल्याला आहे.)

सोलाना नावाच्या चेनवर हे अजून उघडं दिसतं. तिथं व्हॅलिडेटरला प्रत्येक मताची, म्हंजे पान बरोबर आहे असं सांगायची, फी भरावी लागायची आणि वर्षानुवर्षं ती दिवसाला एक सोल, म्हंजे तिथल्या एका कॉइनच्या, आसपास जायची, तुमच्याकडं स्टेक हजाराचा असो की लाखाचा, फी तेवढीच. मार्च २०२५ मध्ये तिथं रिवॉर्ड एकूण स्टेकच्या प्रमाणात आपोआप कमी-जास्त करायचा प्रस्ताव मताला आला, बहुमत मिळालं पण लागणारे दोन-तृतीयांश काही जमले नाहीत, पडला. इथंही बारक्या व्हॅलिडेटरांची काळजी हाच मोठा मुद्दा होता.

मग ज्याच्याकडं ३२ इथर नाहीत तो काय करतो? कुणाच्या तरी मार्फत ठेवतो. लिडो नावाची सेवा ह्यात सगळ्यात मोठी झाली. तुम्ही अर्धा इथर दिला तरी चालतो, बदल्यात एक टोकन, म्हंजे ठेवीच्या पावतीसारखं कॉइन, देतात, ते बाहेर विकता येतं, गहाण ठेवता येतं, रिवॉर्डातले दहा टक्के ते कापून घेतात. सोय जबरदस्त आहे, लोक तिकडंच जाणार. २०२२-२३ च्या सुमारास एकूण स्टेकपैकी जवळजवळ एक-तृतीयांश ह्या एकाच सेवेतनं जात होता, आणि एक-तृतीयांश हा आकडा साधा नाही, तेवढे काटे एकत्र गप्प बसले तर वहीतलं एकही पान पक्कं होऊ शकत नाही. लोकांनी सांगितलं, बाबांनो स्वतःहून मर्यादा घाला. २०२२ मध्ये त्यांच्या कारभारात मत देणाऱ्या वेगळ्या टोकनच्या धारकांनी मतदान केलं आणि जवळजवळ एकमतानं नाही म्हटलं. आपला धंदा आपणच आवरा असं सांगितल्यावर कोण हो म्हणणार! पुढं तो वाटा उतरून पाव हिश्श्याच्या आसपास आला, पण मर्यादेमुळं नाही, स्पर्धा वाढली म्हणून.

नऊच व्हॅलिडेटर असले तर बिघडलं काय?

हा प्रश्न शहाणी माणसं विचारतात. चार ओळखीचे, भरवशाचे काटे ठेवा, काम पटापट होईल, खर्च कमी, उगाच हजारांचा बाजार कशाला?

व्हिएतनामच्या स्काय मॅव्हिस कंपनीचा अ‍ॅक्सी इन्फिनिटी नावाचा गेम तुफान चालला होता, त्याच्यासाठी रोनिन नावाची वेगळी चेन होती, आणि तिच्या पुलावरनं, म्हंजे इथेरियमकडं पैसे ने-आण करायच्या व्यवस्थेतनं, पैसे काढायला नऊपैकी पाच व्हॅलिडेटरांच्या सह्या लागायच्या. नऊपैकी चार खुद्द कंपनीचेच. पाचवी सही सुरक्षित होती असं कागदावर वाटतं, पण २०२१ च्या नोव्हेंबरात गर्दी फार झाली म्हणून अ‍ॅक्सीच्याच एका संस्थेनं कंपनीला आपल्या वतीनं सही करायची मुभा दिली होती, डिसेंबरात ते काम थांबलं, मुभा मात्र कुणी काढून घेतली नाही. तशीच राहिली. हल्लेखोर कंपनीच्या सिस्टिममध्ये घुसले तर चार किल्ल्या आयत्या मिळाल्या आणि त्या विसरलेल्या मुभेतनं पाचवी. २३ मार्च २०२२ ला १,७३,६०० इथर आणि अडीच कोटींवर डॉलर-कॉइन (भाव डॉलरला बांधलेली) गेली, तेव्हाच्या भावानं साठ कोटी डॉलरच्या वर. आणि कळलं कधी? सहा दिवसांनी, एका माणसाला आपले ५,००० इथर काढता येईनात तेव्हा. अमेरिकेच्या एफबीआयनं पुढं हे उत्तर कोरियाच्या हॅकरांचं काम असल्याचं सांगितलं.

इथं रिवॉर्ड कमी होता म्हणून झालं असं काही नाही. पण नऊ काटे दिसत होते आणि मालक मोजायला गेलं तर एकच पुरेसा होता, हे मात्र झालं. काटे मोजू नका, मालक मोजा म्हणतात ते ह्यासाठी.

मग सरळ एक माणूस एक मत करा की

सहकारी कारखान्यात तसंच असतं. १९६० च्या महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात एका सभासदाला एक मत, शेअर एक असो की पन्नास. पण ते चालतं कारण कारखान्याकडं सभासदांची यादी असते, सातबारा असतो, माणूस समोर येतो. (मयत सभासदांची नावं यादीत राहतात ती वेगळी भानगड.) ब्लॉकचेनवर असली यादीच नाही. एक मत एक खातं केलं तर मी आज रात्रीत दहा हजार खाती उघडीन, आणि सकाळी बहुमत माझं. म्हणूनच मत पैशाला बांधलंय, कारण खाती फुकट काढता येतात, इथर फुकट काढता येत नाहीत. तोडगा म्हणून ठीक आहे, पण ज्याचा पैसा त्याचं वजन हे त्याच्याबरोबर आलंच.

तरी काहींनी डोकं लढवलंय. पोल्काडॉट नावाच्या चेनवर निवडून आलेल्या प्रत्येक व्हॅलिडेटरला कामाप्रमाणं मोबदला, त्याच्यामागं स्टेक किती आहे ते बघत नाहीत, त्यामुळं कमी स्टेकवाल्याच्या मागं आपला स्टेक लावून उभं राहिलं की वाटणीत जास्त येतं आणि लोक आपसूक बारक्यांकडं वळतात. कार्डानो ह्या चेननं गटाला, म्हंजे अनेकांचा स्टेक एकत्र घेऊन चालणाऱ्या व्हॅलिडेटरला, वरची मर्यादा घातलीय, ठरावीक स्टेकच्या पुढं गट गेला की पुढच्या स्टेकला जादा रिवॉर्ड नाही, सगळा स्टेक साधारण ५०० गटांत विभागला जावा असा आकडा धरून. कल्पना छान आहेत दोन्ही. पण मोठा माणूस काय करतो, एकाच्या जागी पाच गट काढतो, पाच नावांनी. आपल्याकडं ऊस जास्त झाला की पावत्या बायकोच्या, भावाच्या, मेव्हण्याच्या नावावर फुटतात, तसलाच प्रकार.

एक शिक्षा मला खरंच आवडते

रिवॉर्डच्या बाजूनं बारक्याला वाचवणं अवघड आहे हे आत्तापर्यंत कळलं असंल. पण शिक्षेच्या बाजूनं एक युक्ती इथेरियममध्ये पहिल्यापासनं आहे आणि तिच्याबद्दल लोक फार कमी बोलतात.

दोन पावत्या फाडणारा एकटाच असेल तर दंड थोडका. पण त्याच सुमारास इतर किती जणांनी तीच चूक केली ते मोजतात, जितके जास्त तितका प्रत्येकाचा दंड जास्त, आणि एक-तृतीयांश स्टेक एकाच वेळी सापडला तर अख्खं डिपॉझिट जातं. ह्यामागचा विचार बघा. एकट्याची चूक ही चूक असते, हजार काटे एकाच वेळी एकसारखे चुकले तर ते हजार नाहीत, एकच आहेत, एका मालकाचे किंवा एका सॉफ्टवेअरचे. वेगवेगळ्या नावांनी पाट्या लावता येतात, पण मशीन बिघडल्यावर सगळ्या पाट्या एकदम पडतात, तिथं सोंग उघडं पडतं. इथेरियमच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या व्हिटालिक ब्युटेरिननं मार्च २०२४ मध्ये हाच नियम साध्या बंद पडण्यालाही लावावा असं सुचवलं होतं. म्हंजे गावातला एकटा लाईट गेली म्हणून बंद पडला तर जवळपास माफ, आणि एका कंपनीचे वीस हजार एकदम बंद पडले तर जबर. माझ्या मते टक्का एक का तीन ह्या वादापेक्षा ह्यात जास्त दम आहे, कारण खोटी नावं घेऊन ह्यातनं सुटता येत नाही.

वेगळेपणाचा फायदा एकदा दिसलाही. ११ आणि १२ मे २०२३ ला इथेरियमची पानं पक्की होणं थांबलं, पहिल्या दिवशी अर्ध्या तासाच्या आत सुटलं, दुसऱ्या दिवशी तासभर गेला. प्रिझम आणि टेकू ही व्हॅलिडेटर चालवायची दोन सॉफ्टवेअर ताणाखाली आली होती. पण सगळेच ती वापरत नव्हते, बाकी सॉफ्टवेअरवाले चालू राहिले, पक्कं व्हायला उशीर झाला तरी नवीन पानं चढत राहिली, लोकांचे व्यवहार होत राहिले, आणि बहुतेकांना काही झालंय हे कळलंसुद्धा नाही.

बरं, मी विश्रामबागेत बसून ह्याचं काय करू?

स्टेक करायचंच असेल तर टक्क्याच्या आधी दुसरं विचारा. नवीन कॉइन वर्षाला किती टक्के निघतात, मग तुमच्या वीसातले खरे किती उरतात. ज्याच्यामार्फत ठेवताय तो आधीच किती मोठा आहे, कारण सगळ्यात मोठ्याकडं ठेवलं तर आपणच काटे एका मालकाच्या ताब्यात देतोय, आणि तो सापडला तर एकत्र सापडण्याचा दंडही आपल्याच डिपॉझिटमधनं. जो महिन्याला ठरावीक टक्के देतो, माणसं आणली की वर कमिशन देतो, तो व्हॅलिडेटर नाही, ती आपल्याकडं दर दोन वर्षांनी नवीन बोर्ड लावून येणारी जुनीच स्कीम आहे, तिचा आणि वर लिहिलेल्या कशाचाही संबंध नाही.

बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं कव्हर असतं, इथं काही नाही. १ एप्रिल २०२२ पासनं क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातनं वजा करता येत नाही, शिवाय विकताना एक टक्का टीडीएस. तीन टक्क्यांचं गणित मांडताना हे धरून मांडा.

आणि पैसे हवे तेव्हा लगेच निघतात असं कुणी सांगितलं तर तेही तपासा. इथेरियमवर एका वेळी किती जण बाहेर पडू शकतात ह्याला मर्यादा आहे, सगळे एकदम पळाले तर राखणच उघडी पडेल म्हणून, त्यामुळं बाहेर पडायला रांग लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये ही रांग चाळीस दिवसांच्या वर गेली होती. तुळशीच्या लग्नानंतर घरात कार्य असेल तर ते पैसे तिथं अडकवू नका, मंगल कार्यालयवाला चाळीस दिवस थांबत नाही.